नॉटिंगहॅमची खरेदी आणि डोरीनबाई

“नीलांबरी, आज तरी दुकानात जायचं ना गं?” आईनं विचारलं.

काकू टोस्टला लोणी लावत होती. लावून झालेल्या टोस्टला तिनं पुन्हा लोणी लावलं.

“आज ना वहिनी, नदीवर जाऊ या. बदकं काय सुंदर आहेत तिथली!”

“बदकं परवा बघितली.”

“ती तळ्यातली. ही नदीतली.”

आईनं माझ्याकडे बघितलं. मी टोस्टकडे बघितलं. मी तेव्हा सातवी संपवून आठवीत जाणार होते आणि मोठ्या माणसांनी माझ्याकडे बघितलं की खाण्याच्या पदार्थाकडे बघायचं, एवढंच मला जमायचं. (आता दहावीत आहे. आता मी सरळ बघते. लोक तक्रार करतात.)

आम्हाला काकाकडे येऊन सोळा दिवस झाले होते. बाबांना रजा मिळाली नव्हती, म्हणून आई आणि मीच आलो होतो. सोळा दिवसांत आम्ही तळ्यातली बदकं, एक किल्ला, चार चर्चं आणि काकाच्या साहेबांचं घर बाहेरून बघितलं होतं. दुकान एकही नाही. परत जायला पाच दिवस उरले होते, आणि आईच्या पर्समधल्या वहीत एकतीस नावं होती. सगळ्यात वर, लाल शाईत, कुमुदआत्या.

कुमुदआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्या घरात वाटप नावाचा एक सोहळा आहे, त्याची ती न्यायाधीश. काकू दर दोन वर्षांनी मिरजेला यायची तेव्हा पहिल्याच रविवारी तो व्हायचा. आत्या सोफ्याच्या मधोमध बसायची. काकूनं इंग्लंडहून आणलेली एकेक वस्तू तिच्या मांडीवर यायची. ती कापड बोटांत चोळायची, उलटं करून शिवण बघायची, टॅग डोळ्यांपासून लांब धरून वाचायची आणि मग निकाल द्यायची, “आहाहा! निवड असावी तर नीलांबरीसारखी.”

आणि लगेच आईकडे बघायची. काही बोलायची नाही हं. नुसती बघायची.

कारण आईही आत्याला द्यायची. दर दिवाळीला साडी. आई त्यासाठी सांगलीची तीन दुकानं पालथी घालायची. आत्या तीही बोटांत चोळायची आणि म्हणायची, “हं. बरी आहे. रोजच्याला होईल.” अशा चौदा दिवाळ्या झाल्या होत्या.

विमानात बसल्यावर पट्टा कसा लावायचा हेही कळलेलं नव्हतं तेव्हा आई मला म्हणाली होती, “ऋजू, या वेळचं वाटप माझ्या हातून होणार. वन्सं एकदा, फक्त एकदा, ‘वीणा, निवड चांगली आहे हो तुझी’ एवढं म्हणाल्या ना, की मी सुटले.”

आणि इथे काकू आम्हाला बदकं दाखवत होती.

त्या दिवशी बदकंही हुकली. काकूच्या शाळेतून फोन आला, कुणीतरी आजारी पडलं होतं, तिला जावं लागलं. “तुम्ही घरातच बसा हं वहिनी. इथले रस्ते सगळे एकसारखे. चुकाल.”

दार बंद झालं. आईनं शंभर आकडे मोजावेत एवढा वेळ थांबून साडीखाली बूट चढवले.

“आई, काकू म्हणाली—”

“काकू काय वाट्टेल ते म्हणेल. तू इंग्लिश मीडियमची ना? चल.”

मी इंग्लिश मीडियमची होते, पण इंग्लिश फक्त लिहायचे. बोलायची वेळ कधी आली नव्हती. आमच्या शाळेत बाईसुद्धा इंग्लिश मराठीतच शिकवायच्या.

कोपऱ्यावरून वळलो, तर दुकानच दुकान. न्हाव्याचं, चष्म्याचं, माशांचं, आणि मग एक असं की आई थबकलीच. काचेमागे एक वाइन रंगाचा लोकरीचा कोट उभा होता. रुंद कॉलर, कापडानं मढवलेली बटणं.

“वन्संचा रंग,” आई म्हणाली, आणि दार ढकलून आत.

आत कपडे रंगांप्रमाणे लावलेले होते. निळ्यांत निळे, हिरव्यांत हिरवे. पलीकडे कपबशा, पितळी मेणबत्तीदाण्या, जिगसॉच्या पेट्या. वास ट्रंकेतल्यासारखा. आईनं एका स्वेटरला लटकवलेला हातानं लिहिलेला कागद बघितला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, आणि तिचे डोळे बारीक झाले.

“बघितलंस? म्हणून नेत नव्हती ही! घराजवळ एवढा मोठा सेल लागलाय आणि सगळा एकटीनं लुटायचा!”

आणि आई तुटून पडली.

काउंटरवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. पांढरेशुभ्र केस, स्वेटरवर विणलेली मधमाशी. त्यांनी आईची साडी बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. “तुम्ही नीलाच्या घरच्या का?” त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं. मी मान हलवली. मग त्या सुरू झाल्या. त्यांचं नाव मार्गरेट. नीला, म्हणजे आमची काकू, दर गुरुवारी संध्याकाळी इथे येते, पिशव्या उपसते, इस्त्री करते, एक पैसाही घेत नाही, देवमाणूस आहे.

“कसल्या पिशव्या?” मी विचारलं. जन्मात इंग्लिशमध्ये बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. व्याकरणात बरोबर होतं, मी नंतर तपासलं.

“लोक देतात ना, त्या. आपले कपडे, भांडी. आम्ही विकतो आणि ते पैसे आजारी म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला जातात.”

मी कपड्यांच्या रांगांकडे बघितलं. निळ्यांत निळे. हिरव्यांत हिरवे.

“कोण लोक देतात?”

“कुणी घर लहान करतात. कुणी बारीक होतात. आणि कुणी...” मार्गरेटबाईंनी छताकडे बोट केलं. “तो वाइन कोट बघ. आमच्या डोरीनचा. गेल्याच महिन्यात गेली बिचारी, ब्याण्णव वर्षांची. रोज हा कोट घालून बसमध्ये बसायची. उतरायची नाही कुठेच. शहराची एक फेरी मारायची आणि घरी.”

आई तोच कोट छातीशी धरून माझ्यामागे उभी होती.

“काय म्हणतायत?”

“म्हणतायत, कोट चांगला आहे.”

“ते मला दिसतंय. इतका वेळ काय बोलत होत्या?”

“इंग्लिशमध्ये वेळ लागतो, आई.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण आईच्या हातात सहा स्वेटर, चार स्कार्फ, तो कोट आणि एक फुलाफुलांची किटली होती, आणि चेहरा असा होता की सोळा दिवसांत, छे, सोळा महिन्यांत मी तसा बघितला नव्हता. मी मनात वाक्य जुळवलं, ‘आई, हे सगळं लोकांनी वापरून टाकलेलं आहे, आणि त्यातले काही लोकही आता नाहीत.’ वाक्य तयार झालं, तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं.

“त्यांना सांग,” आई म्हणाली, “इतकं घेत्येय, काहीतरी वर द्या म्हणावं.”

आजारी म्हाताऱ्यांच्या पैशांत घासाघीस! मी मार्गरेटबाईंकडे वळून म्हटलं, “माझी आई म्हणते, देव तुमचं भलं करो.”

मार्गरेटबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी किटलीवर घालायची लोकरी टोपी उचलली आणि आमच्या पिशवीत टाकली.

“बघ,” आई मला दारातून बाहेर पडताना म्हणाली, “मागितल्याशिवाय मिळत नसतं.”

दोन तास आणि आणखी एक फेरी. पाच पिशव्या. एकतीसच्या एकतीस नावांवर आईनं भर रस्त्यात काट मारली.

संध्याकाळी काकू घरात शिरली आणि पिशव्यांवर छापलेलं नाव बघून दारातच उभी राहिली. हातातली किल्ली तशीच हातात.

“काय गं,” आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “चौदा वर्षं आमच्यापासून लपवून ठेवलंस ना?”

काकूचा चेहरा पांढरा पडला. “वहिनी, मी... तुम्हाला...”

“असा सेल आणि आम्हाला बदकं!”

काकूनं हळूच माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही, तिला माहीत नाही. काकू खुर्चीत बसली, की पडली म्हणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

“मार्गरेट काय काय म्हणाली?”

“सगळंच.”

“आणि तू वहिनींना का नाही सांगितलंस?”

“तू आम्हाला का नाही सांगितलंस?”

काकू म्हणाली, “पहिल्या दोन खेपांना सगळं नवं आणलं होतं, ऋजू. शप्पथ. मग तुझ्या काकाची नोकरी गेली. दीड वर्ष घरी होता. मिरजेत कुणालाच बोललो नाही. तिकिटं आधीची काढलेली, जाणं भाग होतं. रिकाम्या हातांनी उतरले असते तर कुमुदवन्संना विमानतळावरच कळलं असतं.”

“पण मग नोकरी लागली ना परत?”

“लागली. तोपर्यंत यादी अकराची एकतीस झाली होती.” तिनं नाक पुसलं. “मी शाळेत आहे म्हणतात ना सगळे? मी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.”

मी विचारलं, “पण टॅग? तुझ्या सगळ्या वस्तूंना छापील टॅग असतात. आत्या वाचते ते.”

काकू उठली. फडताळाच्या वरच्या कप्प्यातून तिनं बुटांचा खोका काढला. आत टॅगच टॅग! सोनेरी कडेचे, जाड पुठ्ठ्याचे, रेशमी दोऱ्याचे. दहा वर्षांत या घरात, शेजारच्या घरात आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या घरात आलेल्या प्रत्येक नव्या कपड्याचे.

“वहिनींना म्हणू, हातानं लिहिलेले कागद कस्टमवाल्यांना चालत नाहीत,” काकू म्हणाली. “ये, बस. दोरा कॉलरच्या लेबलमधून ओवायचा. बगलेत नाही. बगलेतला टॅग वन्सं ओढून बघतात.”

आम्ही दोघी दोन दुपारी टॅग ओवत बसलो. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं कुणाहीबरोबरचं ते पहिलं गुपित. मजा येत होती, खोटं कशाला सांगू! “खिसे बघ हं सगळे,” काकूनं बजावलं, आणि मी सगळे खिसे बघितले. पण बायकांच्या कोटाला आतूनही खिसा असतो हे मला कसं माहीत असणार? माझ्या शाळेच्या ड्रेसला बाहेरून एक खिसा मिळवण्यासाठी मी दोन वर्षं आईशी भांडले होते.

वाटप मिरजेला पोचल्यावर पहिल्या रविवारी, अकरा वाजता झालं. मे महिना. पंखा गरम हवा गोल गोल फिरवत होता. आत्या सोफ्याच्या मधोमध. डावीकडे तिचे यजमान भाऊसाहेब, उजवीकडे सून सायली, आणि बाकीचे सतरंजीवर. समोर टीपॉयवर तांब्याला टेकवलेला मोबाइल, त्यात नॉटिंगहॅमहून काकू. तिलाही बघायचं होतं. खरं म्हणजे ती पहारा द्यायला बसली होती.

स्वेटर निघाले. आत्यानं चोळले, उलटे केले, टॅग वाचले. “हं,” म्हणाली. स्कार्फ निघाले. “हं.” आईच्या कपाळावर घाम.

मग आईनं कोट काढला.

आत्यानं कॉलरवरून हात फिरवला. मढवलेलं बटण अंगठ्यानं दाबून बघितलं. मग उठली आणि त्या चाळीस डिग्रीत तिनं तो कोट साडीवर चढवला. अंगात बरोबर बसला, जणू माप देऊन शिवलेला. सायली “अय्या!” म्हणाली. आई पुढे सरकून बसली. मला कळलं, आता येतंय ते वाक्य. आत्यानं तोंड उघडलं, मोठ्या ऐटीत हात कोटाच्या आत घातला... आणि थांबली.

हात बाहेर आला तेव्हा त्यात एक कार्ड होतं. बसचा पास. त्यावर फोटो. पांढरे केस, चष्मा, हसरा चेहरा.

“ही कोण?” आत्या म्हणाली.

मोबाइलमधल्या काकूनं तोंडावर हात ठेवला.

“कोण?” आई म्हणाली.

“ते मी विचारत्येय. कोटात बाई कुठून आली?” आत्यानं पास लांब धरला, मग आईकडे बघितलं, आणि तिचा आवाज खाली आला. “वीणा. हा कोट तू दुकानातून घेतलास ना? की कुठे हॉटेलात वगैरे खुंटीवर...”

“वन्सं!”

“नाही, चुकून हं. होतं माणसाकडून.”

“अहो, मी पैसे मोजून घेतलाय! ऋजूला विचारा!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंधरा माणसं. मी खाण्याचा पदार्थ शोधला. टीपॉयवर चिवडा होता. मी चिवड्याकडे बघितलं.

“म्हणजे पावती असेल,” भाऊसाहेब म्हणाले. ते निवृत्त फौजदार. “पावती दाखवा, विषय संपला.”

पावतीवर त्या संस्थेचं नाव होतं, म्हणून काकूनं आणि मी ती फाडून टाकली होती. आई पर्स उलटी करत होती. नाणी पडली, काकाच्या घराची चावी पडली, वही पडली. पावती नव्हती. आत्या सायलीच्या कानात काहीतरी बोलली, आणि सायलीनं मांडीवरचा स्कार्फ अलगद बाजूला ठेवला. आईनं पर्सचा रिकामा कप्पा पुन्हा चाचपला.

मी उभी राहिले.

“तिचं नाव डोरीन,” मी म्हटलं. माझाच आवाज, पण नवा. “कोट तिचा होता. ती ब्याण्णव वर्षांची होती आणि ती वारली. मग तिच्या घरच्यांनी तो एका दुकानाला दिला. तिथे सगळं लोकांनी दिलेलंच असतं. स्वेटरही. स्कार्फही. आईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.”

पंख्याचा आवाज केवढा मोठा असतो ते मला तेव्हा कळलं.

आई माझ्याकडे बघत होती. तिनं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“मेलेल्या बाईचा...” आत्या पुटपुटली.

“वन्सं!” मोबाइलमधून काकू ओरडली. तांब्या हलला. “वहिनींना बोलू नका! मी त्याच दुकानातून आणते. नेहमी. तुमचा पिवळा स्वेटर, भाऊसाहेबांचं जाकीट, सायलीची पर्स, दहा वर्षं सगळं तिथलंच. टॅग मी लावायचे. आणि मी शिक्षिका नाही. मी शाळेत भाज्या चिरते. झालं! संपलं!” आणि ती पडद्यातून बाहेर गेली. फक्त तिची रिकामी खुर्ची दिसत राहिली.

भाऊसाहेबांनी स्वतःच्या अंगाकडे बघितलं. घरात, पंख्याखाली, त्यांनी ते जाकीट खास आजच्यासाठी घातलं होतं.

आत्याचे हात कोट काढायला म्हणून कॉलरपाशी गेले. एक बाही अर्धी निघाली. आणि ती तिथेच थांबली. पास पुन्हा डोळ्यांपासून लांब धरला.

“ऋजुता.”

“काय आत्या?”

“ही तिकडचीच? की आपल्यातलीच कुणी जाऊन राहिलेली?”

“तिकडचीच. फोटोत दिसतंय ना.”

“म्हणजे अस्सल इंग्रज.”

“हो.”

“घरंदाज?”

मी विचार केला. “रोज बसमधून शहर बघायची. उतरायची नाही कुठे.”

“तेच तर!” आत्यानं अर्धी निघालेली बाही पुन्हा वर ओढली. “गरज नसायची उतरायची. बघा हो, ब्याण्णवाव्या वर्षी कसा चेहरा आहे. दीर्घायुषी बाई! आणि कोट तरी कसा ठेवलाय. दुकानातला नवा काय, समोरच्या कुलकर्णीणबाईंचा जावईसुद्धा आणतो. हा एका इंग्रज बाईनं जन्मभर अंगाला लावलेला आहे.” तिनं खोलीभर नजर फिरवली. “आहे कुणाकडे?”

कुणाकडेच नव्हता.

सायलीनं बाजूला ठेवलेला स्कार्फ पुन्हा मांडीवर घेतला आणि हळूच विचारलं, “ऋजू, माझ्या या स्कार्फची बाई कोण गं?”

“माझ्या जाकिटाचे गृहस्थ कोण?” भाऊसाहेब मोबाइलवर वाकले. “नीलांबरी! अगं ये समोर! फौजेतले होते का कुणी? खांद्याला पट्ट्या आहेत म्हणून विचारतो.”

काकू डोळे पुसत पडद्यात आली. तिला काही कळेना. मग हळूहळू कळलं. “ते... ते एका पोस्टमनचं होतं, भाऊसाहेब.”

“सरकारी नोकरी,” भाऊसाहेब समाधानानं म्हणाले.

मग झुंबड उडाली. कुणी घरून जुने स्वेटर आणायला पोरांना पिटाळलं, कुणी फोन करून ट्रंका उघडायला लावल्या. ज्याच्या स्वेटरची बाई काकूला आठवत नव्हती तो हिरमुसला. भाज्या चिरण्याचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

आत्या आरशासमोर उभी होती. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण बटणं सगळी लावलेली. पास तिनं काळजीनं पुन्हा आतल्या खिशात सरकवला. मग वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली,

“वीणा, निवड चांगली आहे हो तुझी.”

मी आईकडे बघितलं. तिनं सांडलेली पर्स भरली, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून उभी होती, पदर तोंडात कोंबलेला, खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

“आई, चुकलं माझं. मी तिथेच सांगायला हवं होतं.”

आईनं पदर काढला.

“ऋजू,” ती म्हणाली, “चौदा दिवाळ्या मी त्यांना कोऱ्या साड्या दिल्या गं.”